सीमधलं स्विच नीट कसं लिहावं: केस ही पाटी आहे, भिंत नव्हे

सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला सुरुवात केली की थोड्याच दिवसांत स्विच समोर येतं, म्हणजे एका किमतीवरून पुढचं काम निवडायची रचना. बहुतेक ठिकाणी ते इफ-एल्सच्या पाठोपाठ शिकवतात. ‘लांबलचक इफ-एल्सऐवजी वापरायची सुटसुटीत सोय’ एवढी ओळख करून देतात आणि नमुना वहीत उतरवून घेतात. ही ओळख अर्धवट आहे. दोघांचं काम वरून सारखं दिसतं, पण आतली चाल वेगळी आहे, आणि नवशिक्यांच्या बहुतेक चुका या फरकातूनच येतात. म्हणून आधी चाल समजून घेऊ.

एक सूचना. या लेखात कोडही देवनागरीत दिला आहे. संगणकावर टाइप करताना स्विच, केस, ब्रेक, डिफॉल्ट, इफ, व्हाइल, इंट हे शब्द मूळ इंग्रजी स्पेलिंगने आणि सगळी अक्षरं लहान ठेवून लिहायचे. आकडेही इंग्रजीच. व्हेरिएबलची नावं तुमच्या आवडीने रोमन अक्षरांत ठेवा.

उदाहरण: एसटीचं तिकीट

वहीतलं ‘वारांची नावं छापा’ हे उदाहरण कंटाळवाणं आहे आणि त्यात चूक झाली तरी कुणाचं काही बिघडत नाही. त्यापेक्षा एसटीचं भाडं काढू. सवलती सगळ्यांच्या ओळखीच्या आहेत: ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं, आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत. प्रत्येक प्रवाशाला एक क्रमांक देऊ. १ म्हणजे सामान्य, २ महिला, ३ लहान मूल, ४ ज्येष्ठ, ५ म्हणजे पंचाहत्तरीच्या पुढचे. पूर्ण भाडं समजा २०० रुपये आहे.

महिला, मूल आणि ज्येष्ठ या तिघांचं भाडं सारखंच असताना क्रमांक वेगळे कशाला? कारण हिशोबात कुठल्या सवलतीत किती प्रवासी गेले ते वेगळं दाखवावं लागतं. सवलतीची भरपाई सरकारकडून मागायची असते.

हे झालं पूर्ण स्विच:

इंट प्रकार, पूर्ण = २००, भाडं = -१;

स्विच (प्रकार) {
    केस १:
        भाडं = पूर्ण;
        ब्रेक;
    केस २:
    केस ३:
    केस ४:
        भाडं = पूर्ण / २;
        ब्रेक;
    केस ५:
        भाडं = ०;
        ब्रेक;
    डिफॉल्ट:
        पुट्स("असा प्रकार नाही");
        ब्रेक;
}

(प्रकार या व्हेरिएबलमध्ये किंमत आधी भरलेली आहे असं धरलं आहे. ती कशी घ्यायची ते पुढे येईल.)

हे चालतं कसं

स्विचच्या साध्या कंसात जे लिहिलंय त्याची किंमत एकदाच काढली जाते. प्रकार ४ असेल तर प्रोग्राम ‘केस ४’ ही पाटी शोधतो आणि थेट तिथे उडी मारतो. वरच्या ओळींकडे तो बघतही नाही. कुठलीच पाटी जुळली नाही तर उडी ‘डिफॉल्ट’वर. इथपर्यंत सगळ्यांना समजतं. गफलत पुढे होते. उडी मारून झाली की स्विचचं काम संपलं. तिथून पुढे प्रोग्राम नेहमीसारखा एकेक ओळ खाली चालत जातो. वाटेत दुसऱ्या केसची पाटी लागली तरी तो थांबत नाही, कारण पाटी म्हणजे नुसती खूण. अडवायला तिथे भिंत नाही. अडवतो तो ब्रेक. ब्रेक लागला की प्रोग्राम महिरपी कंसाच्या बाहेर पडतो. ब्रेक लागलाच नाही तर तो शेवटच्या ओळीपर्यंत सगळं करत जातो.

सीच्या व्याकरणात केस आणि डिफॉल्ट यांना ‘लेबल’ म्हणतात ते याच अर्थाने. गोटूसाठी, म्हणजे ठरलेल्या ओळीवर उडी मारायच्या आज्ञेसाठी, जशी लेबलं लावतात, तशीच ही. डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये सी घडवली, आणि हे वागणं तेव्हापासून तसंच आहे.

आता वरच्या कोडमधला पहिला ब्रेक मनातल्या मनात पुसा आणि ड्राय रन करा, म्हणजे संगणकाविना एकेक ओळ चालवून बघा. सामान्य प्रवासी आला, प्रकार १. भाडं २०० झालं. ब्रेक नाही, म्हणून प्रोग्राम खाली घसरला, केस २, ३, ४ च्या पाट्या ओलांडून ‘पूर्ण / २’ या ओळीवर आला. भाडं १००. मग ब्रेक, बाहेर. सगळ्या महाराष्ट्राला अर्धं तिकीट! दुसरा ब्रेक पुसलात तर महिला, मुलं आणि ज्येष्ठ सगळे फुकट जातील: १०० होऊन लगेच त्यावर ० बसेल. तिसरा पुसलात तर आजोबांना मोफत तिकीट मिळेलच, वर ‘असा प्रकार नाही’ हेही ऐकावं लागेल.

तिन्ही वेळा प्रोग्राम बिनतक्रार कंपाइल होतो. नियमाप्रमाणे त्यात काही चूक नाहीच. म्हणूनच ‘ब्रेक काढला तर आउटपुट काय येईल’ हा प्रश्न प्रॅक्टिकलच्या विवामध्ये इतका लाडका आहे. उत्तर पाठ करायची गरज नाही. पाटी शोधा, तिथून बोटाने खाली या, ब्रेक लागेपर्यंत जे जे भेटेल ते ते लिहा.

मुद्दाम खाली जाऊ देणं

केस २, ३, ४ यांच्यामध्ये एकही ओळ नाही, तीन पाट्या एकाखाली एक आहेत. तिघांपैकी कुठूनही आत आलात तरी पोहोचता एकाच ओळीवर. हा खाली घसरण्याचा सगळ्यात चांगला उपयोग. महिन्याचे दिवस काढायचे असतील तर एप्रिल, जून, सप्टेंबर, नोव्हेंबर या चार पाट्या एकत्र आणि खाली एकदाच ३०. वापरणारा लहान वाय दाबेल की मोठा हे माहीत नसेल तर दोन्ही अक्षरांच्या पाट्या एकाखाली एक.

इथे नवखे लोक दोन आडवाटा धरतात. पहिली: ‘केस २, ३, ४:’ असं स्वल्पविराम देऊन लिहिणं. सीमध्ये हे चालत नाही, कंपायलर एरर देतो, तेव्हा निदान चूक कळते. दुसरी जास्त वाईट: ‘केस २ || ३ || ४:’. ही ओळ वाचायला अगदी बरोबर वाटते आणि कंपाइलही होते. पण ‘किंवा’च्या त्या चिन्हाचं उत्तर सीमध्ये फक्त ० किंवा १ असतं. २ शून्य नाही, म्हणजे उत्तर १. तुम्ही लिहिलंत ‘केस १:’. वर केस १ आधीच असेल तर तोच केस दोनदा आल्याचा एरर येईल आणि तुम्ही वाचाल. नसेल तर महिलांचं भाडं डिफॉल्टमध्ये जाऊन पडेल.

कधी कधी एका केसमध्ये थोडं काम करून पुढच्या केसमध्ये जाणं सोयीचं असतं. माझं मत विचाराल तर सुरुवातीची दोन वर्षं हा मोह टाळा. टाळता आला नाहीच तर ब्रेकच्या जागी टिप्पणी लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की तो विसरलेला नाही. टिप्पणी इंग्रजीत ‘फॉल थ्रू’ अशी लिहिलीत तर जीसीसी कंपायलरही ती ओळखतो आणि वॉर्निंग देत नाही. मराठीत ‘मुद्दाम खाली जाऊ दिलंय’ लिहिलंत तर माणसाला कळेल, जीसीसीला नाही. सी++ मध्ये २०१७च्या मानकापासून आणि सीमध्ये सी२३ पासून यासाठी दुहेरी चौकटी कंसात लिहायची फॉलथ्रू ही अधिकृत खूण आहे.

केसपुढे काय चालतं, काय नाही

स्विचच्या कंसात पूर्णांक हवा. इंट, कॅर, लाँग, एनम (नावं दिलेल्या आकड्यांची यादी) चालतात. फ्लोट आणि डबल चालत नाहीत. शब्द म्हणजे स्ट्रिंगही चालत नाही. ‘केस "महिला":’ सीमध्ये लिहिता येत नाही, त्यासाठी एसटीआरसीएमपी हे स्ट्रिंगची तुलना करणारं फंक्शन वापरून इफ-एल्सच करावं लागतं.

केसपुढे जे लिहाल त्याची किंमत कंपाइल करतानाच ठरलेली हवी. ‘केस ५:’ चालेल, ‘केस २ + ३:’ सुद्धा चालेल, पण ‘केस मर्यादा:’ चालणार नाही, मर्यादा हे व्हेरिएबल असेल तर. त्याच्यामागे कॉन्स्ट लावलंत तरी सीच्या नियमाप्रमाणे ते स्थिरांक ठरत नाही. सी++ मध्ये ठरतं. दोन्ही भाषा एकाच वेळी शिकणाऱ्यांची इथे हमखास ओढाताण होते. सीमध्ये नाव द्यायचं असेल तर हॅश डिफाइन किंवा एनम वापरा.

अक्षर आणि आकडा यांची गल्लतही नेहमीची. मेन्यूमधून १ हे अक्षर म्हणून वाचलं असेल, म्हणजे कॅर प्रकारात, तर केसही एकेरी अवतरणात हवी: केस '१'. अवतरणातला १ म्हणजे आस्की तक्त्यातला ४९. अवतरण विसरलात तर कुठलाच केस जुळणार नाही आणि दर वेळी डिफॉल्ट चालेल. सगळं डिफॉल्टमध्येच जातंय असं दिसलं की आधी हेच तपासायचं.

एकाच किमतीच्या दोन केस चालत नाहीत. डिफॉल्ट जास्तीत जास्त एक. केस किती असाव्यात याला तुमच्या कामापुरती मर्यादा नाहीच म्हणा. मूळ १९८९च्या मानकात कंपायलरने निदान २५७ केस झेपवाव्यात असं होतं, सी९९ मध्ये ते १०२३ केलं.

वयावर स्विच लावू नका

वरच्या उदाहरणात मी प्रवाशाला क्रमांक दिला, वय थेट स्विचमध्ये घातलं नाही. तसं का, हे महत्त्वाचं आहे. ‘६५ ते ७५’ ही एक किंमत नाही, तो पट्टा आहे, आणि पाटीवर एकच किंमत लिहिता येते. ‘केस वय > ७५:’ असं लिहिलंत तर कंपायलर हाकलून देईल, कारण वय चालताना ठरतं. जीसीसीमध्ये तीन टिंबं देऊन पट्टा लिहायची जास्तीची सोय आहे, पण ती त्या कंपायलरची. परीक्षेत किंवा दुसऱ्या कंपायलरवर तिच्यावर विसंबू नका.

पट्टे आणि अटी इफ-एल्सने सोडवायच्या, उत्तर एका क्रमांकात आणायचं, आणि त्या क्रमांकावर स्विच लावायचं. असं:

इफ (वय > ७५)
    प्रकार = ५;
एल्स इफ (वय >= ६५)
    प्रकार = ४;
एल्स इफ (वय >= ५ && वय <= १२)
    प्रकार = ३;
एल्स इफ (महिला)
    प्रकार = २;
एल्स
    प्रकार = १;

इथे क्रमाला महत्त्व आहे. ऐंशी वर्षांच्या आजी महिलाही आहेत आणि पंचाहत्तरीच्या पुढच्याही. ‘महिला’ ही अट सगळ्यात वर ठेवलीत तर त्यांच्याकडून अर्धं भाडं घ्याल. इफ-एल्सच्या साखळीत जो आधी जुळला तो जिंकला. स्विचमध्ये हा प्रश्नच येत नाही. एका किमतीला एकच पाटी असल्यामुळे, ब्रेक नीट असतील तर केस कुठल्याही क्रमाने लावा, उत्तर तेच. डिफॉल्टसुद्धा सगळ्यात वर लिहिता येतं, आणि तरीही ते कुणीच जुळलं नाही तरच चालतं. वाचणाऱ्याच्या सोयीसाठी ते शेवटी ठेवतात एवढंच.

क्रमाची भानगड नसल्यामुळे कंपायलरलाही मोकळीक मिळते. किमती जवळजवळ असतील (१, २, ३, ४, ५) तर तो सगळ्या पत्त्यांचा एक तक्ता करून ठेवू शकतो आणि चालताना एकेक तुलना न करता थेट उडी मारतो. पण वेग हे स्विच निवडायचं कारण समजू नका. पाच-सहा पर्यायांत तो फरक तुम्हाला जाणवणारही नाही. एका किमतीवरून ठरणारे पर्याय एका नजरेत दिसतात, हे कारण पुरेसं आहे.

(पाच वर्षांखालचं मूल वरच्या साखळीत कुठे जातं ते बघा. मुलगा असेल तर सरळ प्रकार १, म्हणजे पूर्ण भाडं. त्याला मोफत न्यायचं तर साखळीत एक पायरी वाढवावी लागेल आणि स्विचमध्ये एक केस. करून बघा, सराव होईल.)

डिफॉल्टमध्ये काय लिहायचं

नुसतं ‘डिफॉल्ट: ब्रेक;’ लिहून हात झटकणारे खूप आहेत. परीक्षेत गुण मिळतात, पण उपयोग काही नाही. आपल्या उदाहरणात भाडं हे व्हेरिएबल सुरुवातीला -१ ठेवलं, ० नाही, ते यासाठीच. ० हे खरंखुरं उत्तर आहे, मोफत प्रवासाचं. सुरुवात शून्याने केली असती आणि कुणी प्रकार ९ दाबला असता तर संदेश छापूनही भाडं ० राहिलं असतं आणि पुढच्या कोडने मोफत तिकीट फाडलं असतं. चुकीची किंमत आली हे डिफॉल्टने नुसतं सांगून भागत नाही, पुढच्या कोडलाही कळेल अशी सोय हवी. म्हणून छापण्याआधी भाडं शून्यापेक्षा कमी आहे का ते बघायचं.

वापरणाऱ्याकडून किंमत घेत असाल तर डिफॉल्ट हवंच. एनमच्या बाबतीत मी उलट सांगेन, पण ते पुढे.

कंपाइल होणाऱ्या तीन टायपो

डिफॉल्टचं स्पेलिंग चुकलं, समजा ए आणि यू ची अदलाबदल झाली, तर एरर यायला हवा असं वाटतं. येत नाही. कुठल्याही नावापुढे कोलन दिला की सी त्याला गोटूचं साधं लेबल मानते. तुमचं डिफॉल्ट मग डिफॉल्ट राहतच नाही. तसंच केस आणि १ यांच्यामधली जागा राहिली तर ‘केस१’ हे एक नाव होतं, पुढे कोलन आहेच, झालं लेबल. तो केस कधीच जुळणार नाही. वॉर्निंगा चालू असतील तर ‘हे लेबल कुणी वापरत नाही’ एवढं जीसीसी सांगतो. त्या वाक्याचा अर्थ आता तुम्हाला कळेल.

तिसरी गोष्ट टायपो नाही, गैरसमज आहे. महिरपी कंस उघडल्यावर पहिल्या केसच्या आधी कुणी एखादी ओळ लिहितं, ‘सगळ्यांसाठी आधी हे कर’ म्हणून. ती ओळ कधीच चालत नाही. प्रोग्राम उडी मारून पाटीवर येतो, तिच्या वरून चालत येत नाही.

आणि केसच्या आत नवीन व्हेरिएबल जाहीर करायचं असेल तर त्या केसपुरते महिरपी कंस घाला:

केस २: {
    इंट सवलत = पूर्ण / २;
    भाडं = पूर्ण - सवलत;
    ब्रेक;
}

कंस नसतील तर सी२३ च्या आधीच्या नियमांत लेबलच्या लगेच पुढे घोषणा चालत नाही, आणि येणारा एरर नवख्याला अजिबात उमगत नाही. सी++ मध्ये तर पुढच्या केसवर उडी मारताना व्हेरिएबलची सुरुवातीची किंमत भरायची राहून जाते म्हणून तो वेगळाच एरर देतो. उपाय एकच, कंस.

लूपमधलं स्विच आणि १९९० सालचा एक ब्रेक

डिप्लोमाच्या प्रॅक्टिकलला मेन्यू ड्रिव्हन प्रोग्राम सुटत नाही: व्हाइल लूप, आत मेन्यू, आत स्विच, आणि ‘बाहेर पडा’ हा शेवटचा पर्याय. तिथे ब्रेक लिहितात आणि प्रोग्राम काही बाहेर पडत नाही, मेन्यू पुन्हा येतो. ब्रेक फक्त सगळ्यात आतल्या लूपमधून किंवा स्विचमधून बाहेर काढतो. इथे सगळ्यात आत स्विच आहे, म्हणून स्विचमधून बाहेर, आणि लूप चालूच.

इफच्या आत ब्रेक लिहिला तर? इफ हे लूप नाही आणि स्विचही नाही, त्यामुळे ब्रेक इफला ओळखतच नाही. तो थेट बाहेरच्या स्विचमधून घेऊन जातो, आणि इफच्या खाली त्याच केसमध्ये लिहिलेलं काम तसंच राहतं. हे पुस्तकी वाटत असेल तर १५ जानेवारी १९९० आठवावा लागेल. त्या दिवशी अमेरिकेत एटी अँड टीचं लांब पल्ल्याचं टेलिफोन जाळं सुमारे नऊ तास कोलमडलं होतं. एक एक्स्चेंज बिघाडातून सावरून पुन्हा सुरू झालं, की त्याच्या संदेशामुळे शेजारचं पडायचं, ते सावरलं की पुढचं. सगळ्या ११४ एक्स्चेंजवर तोच नवा सॉफ्टवेअर होता. सीमध्ये लिहिलेल्या त्या कोडात स्विचच्या केसमध्ये एक इफ होता आणि त्या इफमध्ये एक ब्रेक. लिहिणाऱ्याला इफच्या बाहेर पडायचं होतं, प्रोग्राम पडला स्विचच्या बाहेर.

मेन्यूचा सांगाडा असा ठेवा:

इंट चालू = १;

व्हाइल (चालू) {
    पुट्स("प्रकार १ ते ५, थांबायला ०");
    इफ (स्कॅनएफ("%डी", &प्रकार) != १)
        ब्रेक;
    स्विच (प्रकार) {
        केस ०:
            चालू = ०;
            ब्रेक;
        ... बाकीच्या केस
    }
}

यात दोन प्रकारचे ब्रेक आहेत, ते ओळखून घ्या. स्कॅनएफनंतरचा ब्रेक स्विचच्या बाहेर आहे, म्हणून तो लूप तोडतो. केस ० मधला ब्रेक फक्त स्विच सोडतो, आणि लूप थांबतं ते ‘चालू’ शून्य झाल्यामुळे. सगळं एका फंक्शनमध्ये असेल तर केस ० मध्ये सरळ रिटर्न लिहिलंत तरी चालेल, मला तेच जास्त आवडतं.

स्कॅनएफची तपासणी गाळू नका. आकड्याऐवजी कुणी अक्षर दाबलं तर स्कॅनएफ ते उचलत नाही, अक्षर तिथेच पडून राहतं, प्रकारमध्ये जुनीच किंमत असते, आणि मेन्यू स्क्रीनवर न थांबता धावत सुटतो. अक्षराचा मेन्यू असेल तर टक्का सी च्या आधी एक मोकळी जागा सोडा, नाहीतर आधीच्या वेळी दाबलेलं एंटरच पुढचा पर्याय म्हणून वाचलं जातं.

कंटिन्यूचं मात्र उलट. स्विचला कंटिन्यू कळत नाही, तो सरळ लूपच्या पुढच्या फेरीला जातो.

वॉर्निंगा चालू करा

अजूनही काही प्रयोगशाळांत निळ्या पडद्याचं टर्बो सी चालतं. कॉलेजात ते असेल तर असू द्या, घरी जीसीसी घ्या. कंपाइल करताना -डब्ल्यूऑल आणि -डब्ल्यूएक्स्ट्रा हे दोन पर्याय द्या (डब्ल्यू मोठा, बाकी अक्षरं लहान). जीसीसीच्या ७व्या आवृत्तीपासून दुसऱ्या पर्यायात ब्रेकविना खाली घसरणाऱ्या केसची वॉर्निंग आहे. नुसत्या पाट्या एकाखाली एक असतील तर तो गप्प बसतो, मध्ये काही काम असेल तरच बोलतो. म्हणजे वर आपण पुसलेले तिन्ही ब्रेक त्याने पकडले असते.

पहिल्या पर्यायाचा फायदा एनम वापरलंत तर मिळतो. १ ते ५ या आकड्यांना सामान्य, महिला, मूल, ज्येष्ठ, अतिज्येष्ठ अशी नावं एनममध्ये द्या आणि स्विच त्या एनमवर लावा. एक तर ‘केस ज्येष्ठ:’ वाचायला बरं. शिवाय उद्या एनममध्ये नवा प्रकार वाढवलात आणि एखाद्या स्विचमध्ये त्याची केस लिहायची राहिली तर जीसीसी नाव घेऊन सांगतो. पण डिफॉल्ट लिहिलं असेल तर ही वॉर्निंग येत नाही, कारण डिफॉल्टमुळे सगळं झाकलं गेलं असं तो धरतो. म्हणून बाहेरून येणाऱ्या किमतीवर डिफॉल्ट ठेवायचं, आणि आपल्याच एनमवर, प्रत्येक केस लिहून, ते ठेवायचं नाही. यावर अनुभवी लोकही भांडतात. काही कंपन्यांच्या नियमात डिफॉल्ट सक्तीचं असतं, तिथे नियम पाळा.

तपासताना १ ते ५ सगळे, शिवाय ०, ९, एक ऋण आकडा आणि एक अक्षर देऊन बघा. फक्त १ देऊन ‘चालतंय’ म्हणू नका.

दुसऱ्या भाषेत गेलात तर

जावामध्ये जुनं स्विच सीसारखंच घसरतं. २०११च्या जावा ७ पासून स्ट्रिंगवर स्विच लावता येतं, आणि २०२०च्या जावा १४ पासून केसपुढे कोलनऐवजी बाण देता येतो. बाण दिला की घसरण बंद, ब्रेकही नको. नवीन कोडमध्ये बाणच वापरा. सी शार्पमध्ये काम असलेली केस ब्रेकविना सोडली तर सरळ एरर. गो आणि स्विफ्टमध्ये केस संपली की आपोआप बाहेर, खाली जायचं असेल तर फॉलथ्रू हा शब्द मुद्दाम लिहावा लागतो. स्विफ्ट सगळ्या शक्यता झाकल्याशिवाय पुढे जाऊच देत नाही.

पायथॉनमध्ये कित्येक वर्षं असं काही नव्हतंच. २०२१ च्या ३.१० आवृत्तीत मॅच आलं, त्यात घसरण नाही, आणि डिफॉल्टच्या जागी ‘केस’ पुढे नुसती अधोरेषा लिहितात. तिथे एक सांभाळा: केसपुढे साधं नाव लिहिलंत तर पायथॉन त्याच्याशी तुलना करत नाही, आलेली किंमत त्या नावात भरतो आणि केस जुळली असं मानतो.

जावास्क्रिप्ट घसरते सीसारखी, आणि तुलना तीन बरोबरच्या चिन्हांनी (===) करते, म्हणजे किमतीचा प्रकारही (आकडा की मजकूर) जुळायला हवा. प्रॉम्प्टमधून किंवा फॉर्ममधून आलेला १ हा तिथे मजकूर असतो, आकडा नसतो, त्यामुळे ‘केस १:’ जुळत नाही. आधी नंबर या फंक्शनमधून काढा, मग स्विचमध्ये घाला.